चादरीचं दुसरं टोक

तारीख ३, सोमवार

सुनेला ही डायरी ऑफिसातून फुकट मिळाली. ती लिहीत नाही. मुलगा लिहीत नाही. नात तर फोनशी बोलते आणि फोनच तिच्यासाठी लिहितो. जाड कागद, शिवण पक्की. असली वही रद्दीत घालायची? म्हटलं आणा इकडे. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षर मोठं येतं. वही लवकर संपेल, तेवढंच बरं.

नात म्हणाली, "आजी, डायरीत मनातलं लिहितात, माहितीये ना?"

म्हटलं, "मनात काय असतं? घडतं ते लिहीन."

तर घडलं ते असं. आमच्या लॉन्ड्रीत भिंतीवर भलामोठा पडदा लावलाय, टीव्हीसारखा. दवाखान्याच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात आमच्याकडे. धुणं मशीनमध्ये, वाळवणं ड्रायरमध्ये, पण घडी हातानं. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात, त्याला इलाज नाही. आता प्रत्येकाच्या मनगटाला रबरी पट्टा बांधलाय. गठ्ठा झाला की काट्यावर ठेवायचा, दोघांनी पट्टे टेकवायचे, टिंग वाजतं, आणि पडद्यावर दोघांच्या फोटोपुढची रेघ वाढते. माझा फोटो असा आलाय की मला कुठूनतरी पकडून आणलंय.

जोड्याही आता पडदाच लावणार. रोज नवी जोडी, रोज नवं टेबल. बुधवारी जी जोडी सगळ्यात मागे राहील तिला रविवारची जादा पाळी. दवाखान्याच्या चादरींना रविवार नसतो.

नवी मॅडम माझ्या नातीहून थोडीच मोठी असेल. तिनं सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाली, "आता सगळ्यांना सारखं."

मी म्हटलं, "आमचं काय वाईट चाललं होतं?"

"तुमचं चांगलंच चाललं होतं, मावशी," म्हणाली. हे ती असं का बोलली ते काही कळलं नाही.

माझी जोडी आजपर्यंत लांबीशी. ती ताडमाड, मी बुटकी. ती जरा वाकते, मी टाचा उचलते, चादर सरळ राहते. खिडकीजवळचं टेबल आमचं. कितीतरी वर्षं झाली. आम्ही बोलत नाही. तिनं घरी धुण्याचं मशीन घेतलं तेव्हापासून. मी एवढंच म्हटलं होतं, "दिवसभर मशीनच्या घरघरीत असतेस, घरीही तेच? हात मोडलेत का तुझे?"

ती म्हणाली, "मोडलेले नाहीत. मोडू नयेत म्हणून घेतलं. तुला घाम गाळल्याशिवाय जेवण पचत नाही, त्याला मी काय करू?"

संपलं. त्या दिवसापासून तिचं तोंड तिकडे, माझं इकडे. म्हणजे तसं समोरासमोरच, मध्ये चादर.

आता ती दुसरीकडे आणि मी दुसरीकडे. बरंच झालं.


तारीख ४, मंगळवार

पहिल्याच दिवशी पडले.

पडद्यानं मला भिंगरीबरोबर घातलं. पोरगी वीसएक वर्षांची. चालत नाही, फिरते, म्हणून भिंगरी. टेबल ड्रायरच्या तोंडाशी. चादरीवर डाग दिसला म्हणून मी सवयीनं दोन हिसके दिले. तिला वाटलं मी चादर मागतेय. तिनं सोडून दिली. मी मागच्या मागे ओल्या उशांच्या गाडीत धपकन बसले. पाय वर. पैलवान धावत आला, त्यानं मला गठ्ठ्यासारखं उचलून बाहेर ठेवलं. (पैलवान म्हणजे गाड्या ढकलणारा. आता तोही घड्या घालतो, पडद्याची कृपा.)

भिंगरी पोट धरून हसत होती. "मावशी, हिसके कशाला देता? सांगा ना, डाग आहे म्हणून!"

आता हिला काय सांगू? लांबीला सांगावं लागत नाही. दोन हिसके म्हणजे डाग, बाजूला टाक. एक लांब ओढ म्हणजे फिरव. चादरीत हवा भरली की समज, कुणीतरी वरचं माणूस येतंय. आणि तिचं टोक सैल आलं तर तिचं डोकं दुखतंय, मग त्या दिवशी जड बाजू मी घेते आणि सावकाश घेते. मी सैल सोडलं तर ती तसंच करते. हे काही बोलणं नव्हे. हे काम आहे.

ड्रायरपाशी काय उकडतं! दुपारपर्यंत डोक्यातून वाफा निघाल्या. भिंगरीला म्हटलं, "इथे रोज कोण उभं राहत होतं गं?"

"मीच. आल्यापासून."

"मग आधी सांगायचं ना!"

"सांगितलं होतं, मावशी. दोनदा. तुम्ही म्हणालात, नवीन आहेस, होईल सवय."

मी असं म्हणाले असेन तर काहीतरी कारण असेल.


तारीख ६, गुरुवार

आज लांबी पैलवानाबरोबर होती. खिडकीपाशी. आणि हसत होती. चांगली मोठ्यानं. त्याला फोनवर काहीतरी दाखवत होती आणि तो गडगडत होता. कामाच्या वेळी! एवढी वर्षं माझ्यासमोर उभी राहिली, कधी दात दिसला नाही.

मी रंगाऱ्याच्या बायकोबरोबर. तिला कोपऱ्याला कोपरा जुळवता येत नाही आणि त्यावर ती गाणं म्हणते. असतो एकेकाचा स्वभाव.

जेवताना घरी सहज विषय निघाला. सून म्हणाली, "आई, तुम्हाला त्यांची आठवण येतेय."

म्हटलं, "कुणाची? त्या ताडाची? मला घड्यांची काळजी आहे. तो पैलवान चादर पिळल्यासारखी धरतो."

मुलगा म्हणाला, "हो, घड्यांचीच."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. या घरात साधं बोलायची सोय नाही.


तारीख ११, मंगळवार

भिंगरीकडून कळलं, लांबी महिनाअखेरीस काम सोडतेय. वय झालं, गुडघे बोलायला लागले. सगळ्यांना ठाऊक होतं. मला कोण सांगणार? आमचं बोलणं नाही.

सोडू दे. मला काय त्याचं.


तारीख १३, गुरुवार

रोज सकाळी सगळ्यांआधी जाऊन पडदा बघते. उगाच नाही, आपलं टेबल कुठलं ते कळावं म्हणून. आमची जोडी लागत नाही ती नाहीच. आज शेवटी मॅडमला विचारलं.

ती म्हणाली, "मावशी, सगळ्यांनी सगळ्यांबरोबर काम केल्याशिवाय जुनी जोडी परत लागत नाही. तुमची दोघींची झालीये म्हणून मीच भरून ठेवलंय."

"झालीये म्हणजे?"

"एवढी वर्षं झाली ना तुमची. आता पुढच्या महिन्यात येईल."

पुढच्या महिन्यात! मी म्हटलं, "तोवर काय उपयोग? म्हणजे, घड्यांच्या दृष्टीनं म्हणतेय मी. आमच्या दोघींची घडी चांगली बसते."

 ती म्हणाली, "तुमच्यासाठी बदललं की उद्या दहा जण येतील. परत खिडकी जुन्यांची आणि ड्रायर नव्यांचा. कसं करू, तुम्हीच सांगा."

काय सांगणार? माणूस चुकीचं बोललं की भांडता येतं. हिनं ती सोयच ठेवली नाही. डोकं फिरलं माझं. घरी येऊन सगळी भांडी परत घासली.


तारीख १६, रविवार

सून म्हणाली, "जाऊन सरळ बोला ना त्यांच्याशी. घर माहितीये तुम्हाला."

म्हटलं, "मी का आधी बोलू? मशीन मी घेतलं होतं का?"

नात म्हणाली, "आजी, मेसेज कर. मी टाइप करते."

तिला अभ्यासाला पाठवलं.


तारीख १९, बुधवार

आज हातून एक उद्योग झाला. नीट लिहिते.

सकाळी पडद्यावर लांबीबरोबर भिंगरी आणि माझ्याबरोबर पैलवान. भिंगरीला नळापाशी बाजूला घेतलं. म्हटलं, "पट्टा दे तुझा. माझा तू घाल. एवढ्या दिवसापुरतं."

तिनं लगेच काढून दिला. का म्हणून विचारलंसुद्धा नाही. उलट म्हणाली, "मी म्हटलंच होतं रंगारीणकाकूंना, मावशी काहीतरी करणार." म्हणजे सगळी लॉन्ड्री माझ्यावर डोळा ठेवून आहे!

टेबलापाशी गेले. लांबीनं मान वर केली, खाली घातली, आणि चादरीचं टोक माझ्या हाताच्या उंचीला आणून धरलं. बस. सुरू. काय सांगू, लोण्यासारखं चाललं. ती वाकली, मी टाचा उचलल्या, कोपऱ्याला कोपरा. दोन हिसके, डाग, बाजूला. लांब ओढ, फिरव. पहिले दोन गठ्ठे कधी झाले कळलं नाही. कुणी बोललं नाही. बोलायचं काय होतं?

मग तिच्या बाजूनं एक हिसका आला. अर्धाच. ओढला आणि मध्येच सोडला. हा आमच्यात नाही. मी इकडेतिकडे बघितलं. डाग नाही, वरचं कुणी येत नाही. परत आला, तसाच अर्धा.

तोंडातून निघून गेलं, "काय?"

लांबी म्हणाली, "काही नाही. बघत होते, तू आहेस का तिकडे."

"मग दिसत नाही का? समोर उभी आहे ती कोण?"

"दिसतेस गं. पण कधीची नुसती दिसतेसच."

आवाज जरा घोगरा झालाय तिचा. मी म्हटलं, "आवाजाला काय झालं?" ती म्हणाली, "ऐकलास तरी कधी?" मी म्हटलं, "तू बोललीस का?" ती म्हणाली, "तू विचारलंस का?" आणि मग जे सुरू झालं! तिच्या मुलीला जुळं झालंय, मला पत्ता नाही. माझ्या सुनेला बढती मिळाली, तिला पत्ता नाही. तिचे गुडघे, माझं पित्त. रंगाऱ्याच्या बायकोचं गाणं. पैलवानाला फोनवर ती काय दाखवत होती? मी उशांच्या गाडीत पडले ते! त्या दिवशी हिनं फोटो काढून ठेवला होता. पाय वर. मी म्हटलं, "दाखव." दाखवला. मीही हसले. पायमोज्याचं भोक स्पष्ट दिसतंय.

तेवढ्यात शेवटची घंटा झाली. टेबलावर बघतो तर चादरींचा डोंगर तसाच.

खरी गंमत पुढेच. पडद्यावर माझा तो पकडून आणलेला फोटो सगळ्यात वर! भिंगरी आणि पैलवान वाऱ्यासारखे सुटले होते, आणि पट्टा माझा. मॅडमनं सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाली, "बघा, या वयात मावशी पहिल्या!" टाळ्या झाल्या. पैलवानानं शिटी मारली. आणि सगळ्यात खाली, लाल रेघेत, भिंगरी आणि लांबी. रविवारची पाळी त्यांना.

 भिंगरी नुसती म्हणाली, "हरकत नाही, मावशी." पण तिचा चेहरा उतरला. जाताना पैलवानाला विचारलं तेव्हा कळलं. ती दर रविवारी ट्रक चालवायला शिकते. या रविवारी परीक्षा आहे तिची.

ट्रक! एवढीशी पोरगी. पाय तरी पोचत असतील का?

जेवण गेलं नाही.


तारीख २०, गुरुवार

गेले मॅडमकडे. सगळे पट्टे बांधत होते तिथेच उभी राहिले. आडवळणं मला जमत नाहीत. म्हटलं, "कालच्या टाळ्या परत घ्या. पट्टे मी बदलले होते. वरची रेघ भिंगरीची. खालची माझी. पोरीचा काही दोष नाही, मी मोठी म्हणून तिनं ऐकलं. तिला रविवार द्या, तिला ट्रक चालवायचाय."

तिला धक्का बसला नाही. आजकालच्या पोरींना कशाचाच बसत नाही. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "पट्टे बदलणं नियमात बसत नाही, मावशी."

"नाहीच बसत. मग?"

"मग नियमच लावते. काल खरी शेवटची जोडी कुठली?"

मी म्हटलं, "मी आणि..." आणि मागून लांबीचा आवाज, "आणि मी."

"ठरलं तर," मॅडम म्हणाली. "रविवारची पाळी तुम्हा दोघींना. सबंध दिवस. दुसरं कुणी नसेल, पडदाही बंद असेल. चालेल?"

लांबी म्हणाली, "न चालून काय करतो?"

मॅडमनं पाठ फिरवली. खांदे हलत होते तिचे. खोकला असेल. हिला कामाचं सगळं कळतं, पण शिक्षा कशी द्यायची ते काही कळत नाही. मी मात्र तिला ते सांगितलं नाही. एकदा लावलेला नियम बदलू नये.


तारीख २३, रविवार

घसा बसलाय. काढा घेतला. उद्या लिहीन.


तारीख २४, सोमवार

भिंगरी पास! डब्याच्या सुट्टीत सगळ्यांना बिस्किटं वाटली. मी विचारलं, "पाय पोचतात?" म्हणाली, "पाठीमागे उशी घेते, मावशी. आपल्या इथलीच, फाटकी म्हणून काढून टाकलेली." म्हटलं, मग चालव. भरधाव चालव, पण बघून.

काल काय झालं ते लिहायचं राहिलं. ते लिहिण्यासारखं नाही, सगळं बोलूनच झालं. घड्या मात्र एकूण एक झाल्या.


तारीख २६, बुधवार

मॅडमनं सगळ्यांना बोलावून विचारलं, जोड्या फिरत्या ठेवायच्या की जुन्या. ज्याला जे वाटतं ते सांगा.

लांबी आयुष्यभर मशीनच्या बाजूची. ती उठली आणि म्हणाली, "जुन्या जोड्या बऱ्या. हात जुळायला वर्षं लागतात, ते पडद्याला काय कळणार?"

मी उठले. म्हटलं, "ही उद्यापरवा चालली, हिचं ऐकू नका. फिरत्याच ठेवा. ड्रायरपाशी एकट्यानंच का भाजून निघायचं? खिडकी काय कुणी आंदण दिली होती?"

लांबी म्हणाली, "बघा, खिडकीत कोण बसलं होतं आजवर!"

"तूही होतीस!"

"तू जागा सोडत नव्हतीस म्हणून!"

"मी आधी आले होते!"

"बुटके, तू माझ्यानंतर सहा महिन्यांनी लागलीस!"

खूप वर्षांनी भांडलो, सगळ्यांसमोर, तोंड भरून. फार बरं वाटलं. रंगाऱ्याच्या बायकोनं मध्येच उठून सांगितलं की शेवटच्या जोडीला रविवार देणंही बरोबर नाही, तिला तर दर वेळी भीतीनं गाणंसुद्धा सुचत नाही. हे मला पटलं. एखादीला नसतात येत कोपरे. शेवटी ठरलं की जोड्या फिरत्या, टेबलं फिरती, आणि रविवारही पाळीपाळीनं. पडदा राहील, पण खाली लाल रेघ नको. पैलवान म्हणाला, मावशींचा तो फोटोही बदला. कशाला बदलायचा? लोक ओळखायला लागलेत आता.


तारीख २९, शनिवार

लांबीचा शेवटचा दिवस. हार नको, भाषण नको, तिनं आधीच बजावलं होतं. त्या बाबतीत आमचं जमतं. मॅडम म्हणाली, आज पडद्यात काहीतरी बिघाड झालाय, ज्यानं त्यानं आपापली जोडी लावा. बरा आजच बिघडला. मशीनचा भरवसा नाही म्हणते ते यासाठीच.

आम्ही ड्रायरपाशी उभ्या राहिलो. खिडकी भिंगरीला दिली.

जाताना लांबीनं पट्टा काढून टेबलावर ठेवला. मला म्हणाली, "उद्या ये घरी."

"कशाला?"

"ये म्हटलं की यायचं."


तारीख ३०, रविवार

गेले. तिचं घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं. मशीन स्वयंपाकघरात, खिडकीखाली. पांढरं, पुढे गोल काच. ज्याच्यापायी एवढं झालं ते हे! मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं काही माझ्याकडे बघितलं नाही.

लांबीनं दोन स्टुलं त्याच्यासमोरच मांडली, चहा दिला आणि बटण दाबलं. चादर आत फिरायला लागली. इकडून वर, तिकडून खाली, फेस, परत वर. चहा संपेस्तोवर दोघी बघत बसलो. खरं सांगायचं तर बघायला बरं वाटतं. जीव कसा थंड होतो. हे मी तिला सांगितलेलं नाही.

ती म्हणाली, "आवडलं ना?"

"आवाज करतं."

"तूही करतेस."

मशीन थांबलं. ओली चादर तिनं गॅलरीत टाकली. ती वाळेपर्यंत परत चहा, परत गप्पा. जुळ्यांचे फोटो बघितले, दोन्ही आजीवर गेलीत, लांबोडकी. मग चादर आत आणली. मी म्हटलं, "बघ, एवढं महागाचं मशीन, पण घडी काही घालून देत नाही."

"घालून दिली असती," लांबी म्हणाली, "तर तुला कशाला बोलावलं असतं?"

तिनं एक टोक धरलं, जरा वाकली. मी दुसरं धरलं, टाचा उचलल्या. मग मीच तो अर्धा हिसका दिला, ओढला आणि मध्येच सोडला. तिनं लगेच तसाच परत पाठवला.

घरी येऊन सुनेला सांगितलं, "पुढच्या रविवारी आपल्या सगळ्या चादरी काढून ठेव. लांबीकडे नेते. घडी घालायला."

ती म्हणाली, "आई, न धुताच घडी घालणार?"

म्हणजे मग धुवाव्याही लागतील तिथे. काय करणार.